कै. विजय सॅम्युएल हजारे : पहिला सामना आणि सारा हंगाम

शाळेचा संघ वर्षाचा पहिला सामना हरला, किंवा पहिल्या परीक्षेचे गुण मनासारखे मिळाले नाहीत, म्हणजे घरोघर एकच बोल ऐकू येतो. शितावरून भाताची परीक्षा झाली, आता पुढे काय व्हावयाचे ते दिसलेच, असे वडील मंडळी म्हणतात. आणि मुलेही तसेच मानू लागतात. हे म्हणणे कितपत खरे आहे ह्याचा विचार करता यावा, म्हणून आम्ही आपल्या सांगलीत जन्मलेल्या एका थोर क्रिकेटपटूचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळाशिक्षक होते व घरात आठ भावंडे होती. विजयराव स्वभावाने लाजाळू व मितभाषी होते. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. उभे राहण्याची त्यांची ढब काहीशी विचित्र होती, परंतु बचाव अभेद्य असे.

त्या काळच्या देशी स्पर्धांत पहिल्या सामन्याला फार मोल होते. रणजी करंडकाचे सामने तेव्हा बाद पद्धतीचे असत. जो हरला त्याचा हंगाम त्याच दिवशी संपला. अशा कडक कसोटीत विजयरावांनी १९३९-४० साली महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, आणि त्या वर्षीचा करंडक महाराष्ट्राने जिंकला. मुंबईची पंचरंगी स्पर्धाही त्याच धर्तीची होती. १९४३-४४ साली ते इतरेजनांच्या, म्हणजे प्रामुख्याने ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन खेळाडूंच्या, संघातून हिंदू संघाविरुद्ध अंतिम सामना खेळले. फॉलोऑन मिळाल्यावर संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या विजयरावांच्या होत्या. सामना मात्र डावाने गेला.

कसोटी मालिकेचा प्रकार निराळा असतो. तेथे एकाहून अधिक सामने होतात व हरलेल्यासही पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते. १९४७-४८ साली लाला अमरनाथ ह्यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ ऑस्ट्रेलियास गेला. ब्रिस्बेनच्या पहिल्या सामन्यात पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर त्याचे दोन डाव ५८ व ९८ धावांत आटोपले. ह्यावरून कोणी भाकीत केले असते तर ते निराशेचेच असते. आणि मालिका गेली हेही खरे. तथापि जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या चौथ्या सामन्यात विजयरावांनी ११६ व १४५ धावा केल्या. एका कसोटीत दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत.

१९५१ मध्ये इंग्लंडचा संघ येथे आला, तेव्हा विजयराव भारताचे कर्णधार होते. दिल्लीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या. विजय हाताशी आला होता. परंतु वॉटकिन्स ह्या इंग्लिश फलंदाजाने चिवट शतक करून तो निसटू दिला. मुंबईस विजयरावांनी पुन्हा १५५ धावा काढल्या. पुढे मात्र त्या मालिकेत त्यांच्या हातून शतक झाले नाही. कानपूरचा चौथा सामनाही गेला. तरीही फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या अखेरच्या सामन्यात विनू मंकड ह्यांनी दोन डावांत मिळून १२ गडी बाद केले आणि भारताने एक डाव व ८ धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळविला. दिल्लीच्या सामन्यात ह्यातले काहीच लिहिलेले नव्हते.

त्याच वर्षी संघ इंग्लंडला गेला. लीड्स येथील पहिला सामना आमच्या प्रश्नाचे मर्म उघड करतो. पहिल्या डावात तीन गडी बाद ४२ अशी अवस्था असता विजयराव व तरुण विजय मांजरेकर ह्यांनी २२२ धावांची भागी केली. मांजरेकरांच्या १३३ व विजयरावांच्या ८९ धावा झाल्या. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन ह्या नव्या जलद गोलंदाजाने व बेडसर ह्यांनी एकही धाव होण्यापूर्वी चार गडी बाद केले. त्या चौघांत मांजरेकरही होते. पाच गडी बाद २६ झाल्यावर विजयराव व दत्तू फडकर ह्यांनी १०५ धावा जोडल्या. त्यात विजयरावांच्या ५६ होत्या. सामना इंग्लंडने सात गड्यांनी जिंकला.

आता शीत कोणते चाचपावयाचे? एकाच सामन्यात एकाच खेळाडूचे शतक व शून्य! पुढे लॉर्ड्सवर मंकड ह्यांनी १८४ धावा केल्या, तरी सामना गेला. मँचेस्टरला संघ एकाच दिवसात ५८ व ८२ धावांत दोनदा बाद झाला. ट्रूमन ह्यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ८ बळी घेतले. ओव्हलला पावसाने सामना वाचविला. मालिका ३-० अशी गेली.

म्हणजे लीड्सनेच हंगाम ठरविला काय? आमचे मत असे की, लीड्सने निकाल दिला नाही; दोष दाखविला. जलद व उसळत्या चेंडूपुढे आपले फलंदाज डळमळतात हे तेथे कळले. तो दोष दूर झाला नाही, म्हणून पुढील पराभव घडले. पहिला सामना आरशासारखा असतो. आरशात मळ दिसला तर दोष आरशाचा नव्हे, आणि मळ कायमचाही नव्हे. तो धुवावा लागतो. कर्णधार स्वतः मात्र डळमळले नाहीत. लॉर्ड्सवर नाबाद ६९ व ४९, आणि ओव्हलवर संघाच्या ९८ धावांत ३८, असा त्यांचा खेळ चालू राहिला.

त्यांच्या नेतृत्वावर अतिसावधपणाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. १४ कसोट्यांत विजय एकच मिळाला. पण ३० कसोट्यांत ७ शतके व ४७.६५ ची सरासरी ही त्यांची कमाई कोणत्याही एका सामन्याने पुसली नाही. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे त्यांनी देह ठेवला. आपल्या देशातील एकदिवसीय स्पर्धेचा एक चषक त्यांच्या नावे खेळला जातो.

पालकांनी पहिले गुणपत्रक हाती घेतल्यावर, आणि विद्यार्थिमित्रांनी पहिला सामना हरल्यावर, शून्यावर चार गडी गेल्यानंतर शांतपणे मैदानात उतरलेल्या ह्या सांगलीकराची आठवण ठेवावी, इतकीच आमची विनंती आहे.