श्रेयापलीकडचा संशोधक

विश्व प्रसरण पावत आहे, हे वर्गात शिकविताना ओठांवर प्रथम एडविन हबल यांचे नाव येते; जॉर्ज लमेत्र यांचे क्वचितच.

१८९४ साली बेल्जियममधील शार्लरुआ येथे जन्मलेले लमेत्र पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले आणि १९२३ साली धर्मगुरू झाले. दीर्घिकांची ताम्रसृती स्लायफर यांनी मोजली होती, अंतरे हबल यांनी. या मोजमापांची आइन्स्टाइन यांच्या समीकरणांशी सांगड घालून लमेत्र यांनी १९२७ साली दाखविले की, अवकाशच ताणले जात आहे. प्रसरणाचा दरही त्यांनी काढला. आइन्स्टाइन यांनी गणित मान्य केले, पण निष्कर्ष झिडकारला. १९२९ साली हबल यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि श्रेय तिकडे गेले.

१९३१ सालच्या इंग्रजी भाषांतरात दराचा उतारा नव्हता. तो कोणी दडपला, असा संशय पुढे व्यक्त झाला. परंतु स्वतः लमेत्र यांनीच तो गाळला होता, हे २०११ साली उजेडात आले. नवी निरीक्षणे उपलब्ध असताना जुने आकडे पुन्हा छापण्यात त्यांना अर्थ वाटला नाही.

१९६६ साली ते निवर्तले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणण्याची शिफारस केली.

नाव जोडले, हे उचितच झाले. परंतु विद्यार्थ्याने केवळ दुसरे नाव पाठ केले, तर काय साधले? एकाची मोजमापे, दुसऱ्याचे गणित आणि तिसऱ्याची शंका यांतून सत्य कसे आकारास येते, हे उमगणे हेच खरे विज्ञानशिक्षण होय.