ताराबाई मोडक : पालकांच्या अंगणात गेलेली शाळा



पालकसभेला पालक येत नाहीत, ही तक्रार आपल्या बैठकांत नेहमीच होते. त्यावर उपाय शोधायचा तर पद्मभूषण ताराबाई मोडक यांचं चरित्र जरूर वाचावं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरातूनच पाठबळ होतं. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. शाळेत छडी नको, धाक नको, मूल हसत आलं पाहिजे, हा तिथला आग्रह. पण शाळेत माया आणि घरी मार, असं चालत नाही. म्हणून ‘शिक्षण पत्रिके’तून त्यांनी शिक्षकांसोबत पालकांसाठीही लिहिलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं.

खरी कसोटी लागली ती १९४५ साली, बोर्डी गावात. अनुताई वाघ सोबतीला होत्या. बालवाडी तर निघाली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जाणारे. मुलांना तयार करून पाठवणार कोण? ताराबाईंनी पालकांना बोल लावला नाही. शाळाच उचलून वस्तीत, घरापुढच्या अंगणात नेली. तीच ‘अंगणवाडी’! १९७५ साली देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेत हाच शब्द आला.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. तिथे मुलं गुरं राखायची, मुली धाकटी भावंडं सांभाळायच्या. मग गुरांमागे जाणारी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली, म्हणजे ताईला भावंडासह शाळेत येता यावं. घरचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं, शाळेचं रूप त्यावरून ठरवलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या.

यातून आपण काय घ्यायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा करण्याचं काम समितीचंच. कागदावर हक्क आहे, पण रेवस-बोडणीच्या किनाऱ्यावर सकाळी अकराला सभा ठेवली तर येणार कोण? वडील होडीवर, आई म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजारात. नुसती वहीवर सही घेतली म्हणजे सहभाग होत नाही.

तेव्हा सभेची वेळ पालकांनाच विचारून ठरवूया. कधी संध्याकाळी कोळीवाड्यातच बसूया. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वर्षाचा आराखडा त्यांच्यासोबत करूया. मुलाला शाळेत भीती कशाची वाटते, शौचालय वापरता येतं का, खेळायला मिळतं का, हे आईइतकं नीट दुसरं कोण सांगणार? तिचं म्हणणं आराखड्यात उतरलं, तर पुढच्या सभेला ती आपणहून येईल.

तुमच्या शाळेची पुढची सभा कुणाच्या अंगणात?