यकृताने उलगडलेले रहस्य

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते आणि काही तासांत पूर्वपदावर येते. उपवास घडला तरी निरोगी माणसात ती सहसा एका मर्यादेखाली जात नाही. हा तोल शरीर स्वतःच कसा सांभाळते, हे समजण्याची वाट मोकळी झाली ती फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांच्या प्रयोगांमुळे.

बर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी बोजोले परगण्यातील सें-ज्युलियां या खेड्यात, द्राक्षमळे पिकविणाऱ्या घरात झाला. ल्यों शहरात औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांना नाट्यलेखनाचे वेड लागले. पाच अंकी नाटक घेऊन ते पॅरिसला गेले. पण समीक्षक सें-मार्क जिरार्दां यांनी त्यांना वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. रंगभूमीचे यात फारसे नुकसान झाले नसावे. पुढे फ्रान्स्वा माजांदी यांच्या हाताखाली त्यांना प्रयोगांची गोडी लागली.

साखर फक्त वनस्पती तयार करतात, प्राणी ती केवळ खर्च करतात, असे त्या काळी मानले जाई. केवळ मांस खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते, हे बर्नार यांनी १८४८ मध्ये दाखविले. १८५५ मध्ये त्यांनी यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून त्यातील साखर पूर्णपणे धुऊन काढली आणि यकृत तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा भरपूर साखर आढळली. म्हणजे यकृतात साखरेचा साठा दुसऱ्याच रूपात असला पाहिजे. तो पदार्थ, ग्लायकोजेन, त्यांनी १८५७ मध्ये वेगळा केला.

या यशाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली आणि संसारानेही. पत्नी फॅनी यांच्या हुंड्याच्या पैशांवर बर्नार यांचे संशोधन तगले होते. पण जिवंत प्राण्यांची चिरफाड त्यांना असह्य झाली. अखेर दोघे विभक्त झाले. फॅनी यांनी पुढे अशा प्रयोगांविरुद्धच्या चळवळीत भाग घेतला. त्यांचा आक्षेप निव्वळ हळवेपणाचा होता असे म्हणता येणार नाही.

आजारपणामुळे गावी विश्रांती घेताना बर्नार यांनी लिहिलेला प्रायोगिक वैद्यकावरील ग्रंथ १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरचे हवामान बदलले तरी पेशींभोवतीचे द्रव स्थिर राहते आणि या अंतर्गत पर्यावरणामुळेच प्राणी स्वतंत्रपणे जगू शकतो, हा त्यांचा सिद्धान्त. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. त्यामागची यंत्रणा म्हणजे प्रत्याभरण, अर्थात फीडबॅक. साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि यकृत साखर साठवू लागते. साखर उतरली की इन्शुलिन घटते, ग्लुकागॉन वाढते आणि तोच साठा रक्तात परत येतो. परिणामच कारणाला लगाम घालतो.

बर्नार यांना या साखळीची एकच कडी सापडली होती. स्वादुपिंडाच्या पाचकरसाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. पण ते काढून टाकल्यास मधुमेह होतो, हे मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी १८८९ मध्ये दाखविले. तोवर बर्नार यांना जाऊन अकरा वर्षे लोटली होती. १० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. फ्रान्समध्ये एखाद्या वैज्ञानिकाला हा मान तेव्हा प्रथमच मिळाला.