काउंट रम्फर्ड: तोफेवर पाणी उकळणारा माणूस, आणि घरी बनवलेला वुड बॉयलर इतका धूर का सोडतो

अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागात काही घरांच्या मागे पत्र्याची एक टपरी दिसते, वर चिमणी. टपरीत लाकूड जळतं, आगीभोवती पाण्याची टाकी असते आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या पाइपमधून घरात जाऊन खोल्या उबदार करतं. याला म्हणतात आउटडोअर वुड बॉयलर. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचा धिप्पाड भाऊच म्हणा ना! विकतचा महाग पडतो, म्हणून वेल्डिंग येणारे बरेच जण जुनी टाकी कापून तो घरीच बनवतात. मग पहिल्याच हिवाळ्यात लाकडाचे ढीग संपतात, धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो आणि भांडणं सुरू होतात.

गंमत म्हणजे यातली मुख्य चूक 18व्या शतकातच एका माणसाने ओळखून सोडवली होती. त्याचं नाव बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड.

आधी हेर, मग शास्त्रज्ञ

थॉम्पसनचा जन्म 26 मार्च 1753 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूबर्न गावी झाला. वडील तो तान्हा असतानाच गेले. 13व्या वर्षी त्याला सेलम शहरात एका दुकानदाराकडे कामाला ठेवलं. 19व्या वर्षी त्याने स्वतःपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, श्रीमंत विधवेशी लग्न केलं आणि एका झटक्यात त्याची गरिबी संपली. ती ज्या काँकॉर्ड गावात राहायची, त्याचं जुनं नाव रम्फर्ड.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा हा गडी इंग्रजांच्या बाजूने होता. 1775 मध्ये त्याने अदृश्य शाईने लिहून इंग्रज सैन्याला बातम्या पुरवल्या. पुढच्या वर्षी इंग्रजांनी बोस्टन सोडलं, तेव्हा तोही लंडनला निघून गेला. बायको आणि लहानगी मुलगी सारा मागेच राहिल्या. बायकोला तो पुन्हा कधीच भेटला नाही. हुशारीबद्दल त्याचं कितीही कौतुक करा, ही गोष्ट काही पुसली जात नाही.

लंडनमध्ये त्याने बंदुकीच्या दारूवर प्रयोग केले आणि 1779 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. मग तो बव्हेरियात, म्हणजे आजच्या दक्षिण जर्मनीत गेला. तिथला शासक कार्ल थिओडोर याने त्याला सैन्य सुधारायचं काम दिलं.

सैनिकांना कमी खर्चात उबदार कपडे हवे होते. थॉम्पसनने लोकर, फर, पिसं, रेशीम यांतून उष्णता किती हळू बाहेर जाते ते मोजलं. त्याला कळलं की थंडीपासून वाचवते ती धाग्यांमध्ये अडकून पडलेली हवा. (फोनला जाड कव्हर घालून गेम खेळलात की फोन जास्त का तापतो, त्याचंही कारण याच जातीचं: उष्णतेला बाहेर पडायची वाट मिळत नाही.)

म्युनिकचं स्वयंपाकघर

1 जानेवारी 1790 रोजी त्याने म्युनिकमधल्या भिकाऱ्यांना पकडून एका मोठ्या कार्यशाळेत आणलं. तिथे काम, ऊब आणि जेवण मिळायचं, बदल्यात सैन्याचे कपडे शिवायचे. योजना दयाळू होती की जबरदस्तीची? मला विचाराल तर दोन्ही. पण रोज इतक्या माणसांचं सूप रांधायचं तर सरपणाचा खर्च डोळ्यांत भरणारच. तिथून रम्फर्डचं खरं काम सुरू झालं.

तेव्हाच्या स्वयंपाकघरात उघड्या आगीवर भांडी टांगलेली असायची. बहुतेक उष्णता सरळ धुराड्यातून वर जायची. त्याने आग विटांच्या बंद कोठीत घातली. खाली जाळी, जाळीखाली राखेचा खण, खणाला हवा कमी-जास्त करायचं छोटं दार आणि धुराच्या वाटेवर झडप. भांडं त्याने विटकामात बसवलं आणि गरम वायू भांड्याच्या बुडाखालून, बाजूने फिरवून मगच बाहेर सोडले.

आता परत टपरीतल्या बॉयलरकडे या. लाकूड जळतं म्हणजे नक्की काय होतं? तापल्यावर लाकडातून आधी वायू निघतात आणि ज्वाळा असते ती त्या वायूंची. ते नीट जळायला अंदाजे 600 अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान आणि पुरेशी हवा लागते. घरगुती बॉयलरमध्ये आगीच्या चारही बाजूंना थेट पाण्याची भिंत असते. हे पाणी 80-90 अंशांवर असतं, त्यामुळे भिंत ज्वाळेला सतत थंड करत राहते. वायू अर्धवट जळतात आणि धूर, काजळी, डांबर होऊन बाहेर पडतात. त्यात लाकूड ओलं असेल तर विचारूच नका. म्हणजे चिमणीतून जो काळा धूर जातो, ते तुमचंच न जळलेलं सरपण.

उपाय रम्फर्डच्या चुलीतच आहे. आग विटांच्या कोठीत पूर्ण गरम जळू द्या आणि ज्वाळेचं काम झाल्यावर ते वायू पाण्याजवळून न्या. जळणं आणि उष्णता काढून घेणं, ही दोन कामं एकाच जागी करू नका. आजचे चांगले वुड बॉयलर, ज्यांना गॅसिफिकेशन बॉयलर म्हणतात, हेच करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2015 मध्ये विक्रीच्या नव्या बॉयलरना धुराची मर्यादा घातली, तेव्हा जुन्या पद्धतीची डिझाइन्स अडचणीत आली ती यामुळेच.

दुसरा भाग पाण्याचा. पॅरिसला गेल्यावर रम्फर्डने एक बॉयलर मांडला, ज्याच्या बुडातून नळ्या खाली आगीत उतरत होत्या. पाणी तेवढंच, पण आगीला लागणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त. बंबात मधोमध नळी असते, तीही याच हिशेबाने.

(एक इशारा देऊनच पुढे जातो: बॉयलरची टाकी कधीही सीलबंद करू नका. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा मागते. वाट मिळाली नाही तर टाकी बॉम्बसारखी फुटते.)

तोफ आणि उकळतं पाणी

1791 मध्ये तो काउंट झाला आणि पदवीसाठी नाव घेतलं रम्फर्ड, म्हणजे सोडून आलेल्या बायकोच्या गावाचं. 1796 मध्ये सारा इतक्या वर्षांनी त्याला लंडनला येऊन भेटली, पण तोवर तिची आई वारली होती. लंडनमध्ये त्याने घरातल्या शेकोट्या बदलल्या: खोली कमी केली, बाजू तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा जेमतेम 4 इंचांवर आणला. धूर वर जाऊ लागला, उष्णता खोलीत येऊ लागली. या कशाचंही पेटंट त्याने घेतलं नाही.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे की उष्णता हा कॅलोरिक नावाचा एक अदृश्य द्रव आहे. म्युनिकच्या तोफखान्यात तोफेला भोक पाडताना ती भयंकर तापते हे रम्फर्डने पाहिलं होतं. त्याने मुद्दाम बोथट पातं घेतलं, तोफेभोवती पाण्याची पेटी बसवली आणि यंत्र घोड्यांकडून फिरवलं. अडीच तासांनी पाणी उकळलं. खाली जाळ नाही, काही नाही! बघणारे चाट पडले. घासत राहाल तितकी उष्णता निघतच राहते, मग ती साठवलेला द्रव कशी असेल? 1798 च्या निबंधात त्याने मांडलं की उष्णता म्हणजे गती आहे. ही कल्पना सगळ्यांना पटायला पुढे अर्धं शतक गेलं.

1799 मध्ये त्याच्या पुढाकाराने लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन उभी राहिली. 1805 मध्ये त्याने मारी लव्हाझिएशी लग्न केलं. कॅलोरिक हा शब्द रूढ करणारा जो लव्हाझिए, त्याचीच ही विधवा. तिला पाहुणे आवडायचे, याला शांतता. एकदा त्याने फाटकाला कुलूप लावून तिचे पाहुणे बाहेरच ठेवले, तर तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. 1809 मध्ये दोघं वेगळे झाले.

21 ऑगस्ट 1814 रोजी पॅरिसजवळ तो वारला. ज्या अमेरिकेशी त्याने हेरगिरी केली होती, तिथल्याच हार्वर्डला त्याने अध्यापक नेमण्यासाठी पैसे ठेवले होते. अमेरिकेतले गवंडी अजूनही तिरक्या बाजूंची उथळ शेकोटी बांधतात आणि तिला रम्फर्डच म्हणतात.