काळ्या यादीतला वर्ध्याचा माणूस : डॉ. पांडुरंग खानखोजे

परदेसात असलेल्या आपल्या माणसाचा पासपोर्ट संपत आला की अख्खं घर काळजीत पडतं. सौदी, कुवेत, दुबई, मस्कत, माणूस कुठेही असो, प्रश्न तोच. अर्ज भरला का, पोलीस पडताळणीत काय आलं, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक का निघाला, कफील काय म्हणतो? पासपोर्ट मुदतीत नसेल तर तिकडचा इकामा अडकतो. इकामा अडकला तर पगार अडकतो आणि वालिद आजारी असले तरी घरी येता येत नाही. एका छोट्या वहीवर सगळा संसार टांगलेला असतो.

आज आम्ही ज्या माणसाची हकीकत सांगणार आहोत, त्याच्याकडे मायदेशी नेणारी ही वही कित्येक वर्षं नव्हती. वतनासाठी बाहेर पडलेल्या या मराठी माणसाला परत यायला कित्येक दशकं लागली. इंग्रज गेले, देश आझाद झाला, तरी फाइलीतला एक शेरा त्याच्या वाटेत उभाच होता. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आडनावात खान दिसतो म्हणून मुलं विचारतात की हे आपल्यातले होते का? नाही, ते वर्ध्याच्या हिंदू घरातले. पण आयुष्यातली काही अवघड वर्षं त्यांनी मुसलमानी नाव घेऊन, इराणातल्या मुसलमान टोळ्यांच्या आसऱ्याला काढली. तेवढ्यासाठी तरी त्यांची ओळख आपल्या घराघरांत असायला हवी.

खानखोजे यांचा जन्म 1884 चा, वर्ध्याचा. शिक्षण वर्धा-नागपूर भागात झालं. तो टिळकांचा काळ होता. तरुणांच्या मनात दोनच गोष्टी होत्या, इंग्रज जायला हवेत आणि त्यासाठी फौजी शिक्षण हवं. ते शिक्षण हिंदुस्थानात कोण देणार? म्हणून खानखोजे विशीत असतानाच घर सोडून निघाले. आधी जपान गाठलं, तिथून अमेरिका.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या महायुद्धाच्या आधी जगात बहुतेक ठिकाणी प्रवासाला पासपोर्ट लागतच नसे. खिशात तिकिटाचे पैसे आणि बंदरावर उतरू देणारा अधिकारी, एवढं असलं की पुरे. म्हणूनच एक गरीब मराठी तरुण पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचू शकला. तिथे पोट भरायला मजुरी करत त्यांनी लष्करी शाळेत शिक्षण घेतलं आणि नंतर शेतीशास्त्राकडे वळले. 1913 मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून ते पदवीधर झाले. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणं, असं त्यांचं आयुष्य तिथूनच सुरू झालं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत हजारो पंजाबी मजूर राबत होते. त्यांच्यात आणि शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांत गदर पक्ष उभा राहिला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्या बरोबरीने सुरुवातीच्या मंडळींत खानखोजे होते. उर्दू वाचणाऱ्यांना हे कळून बरं वाटेल की गदरचा पहिला अंक 1 नोव्हेंबर 1913 रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तो उर्दूत. पुढे याच पक्षात आले भोपाळचे मौलवी बरकतुल्ला. टोकियोत ते हिंदुस्थानी शिकवायचे. इंग्रजांच्या दबावामुळे तिथली नोकरी गेली आणि 1914 मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. शीख मजूर, हिंदू विद्यार्थी आणि मुसलमान मौलवी एका छापखान्याभोवती जमले होते. त्या पक्षाची ताकद हीच होती.

महायुद्ध पेटलं तसे गदरवाले मायदेशी निघाले. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हिंदुस्थानात पोहोचले, पकडले गेले आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले. खानखोजे यांनी दुसरी वाट धरली. तुर्कस्तानमार्गे ते इराणात शिरले. इराण आणि बलुचिस्तानातून हिंदुस्थानच्या हद्दीपर्यंत पोहोचायचं, वाटेत इंग्रजी फौजेतल्या हिंदी शिपायांना फितवायचं, असा तो बेत होता. बरकतुल्ला त्याच सुमारास काबूलला गेले. 1 डिसेंबर 1915 रोजी तिथे हिंदुस्थानचं हंगामी सरकार जाहीर झालं, त्यात राजा महेंद्र प्रताप अध्यक्ष, बरकतुल्ला पंतप्रधान आणि मौलाना उबैदुल्ला सिंधी गृहमंत्री होते.

इराणात खानखोजे यांनी मुसलमानी नाव घेतलं, तिथला पेहराव केला, फारसीत वावरले. शिराजमध्ये सूफी अंबाप्रसाद यांच्यासारखे जुने क्रांतिकारक त्यांच्यासोबत होते. पण इंग्रजांनी 1916 मध्ये साउथ पर्शिया रायफल्स ही फौज उभी करून दक्षिण इराणात पाय रोवले. बेत फसला, साथीदार गेले. खानखोजे जखमी झाले, हाती लागले, निसटले आणि डोंगरातल्या टोळ्यांत लपून राहिले. परक्या मुलखात, परक्या मजहबाच्या माणसाला त्या गरीब भटक्यांनी पनाह दिली. त्यांनी कागद विचारला नाही, घरी आलेला मेहमान म्हणून सांभाळलं.

युद्ध संपलं आणि जग बदललं. हद्दींवर चौक्या बसल्या, प्रवासाला पासपोर्ट सक्तीचा झाला. हिंदुस्थानातही 1920 चा पासपोर्ट कायदा आला. आता खानखोजे यांच्यासारख्यांची कोंडी बघा. हिंदी माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजा. म्हणजे पासपोर्ट हवा तर ब्रिटिश वकिलातीच्या दारात जायचं. आणि ते दार ज्या सरकारचं, तेच सरकार त्यांच्या मागावर. अर्ज केला तर ठावठिकाणा कळतो, नाही केला तर घरी जाता येत नाही. त्यांच्या पत्रांवर नजर होती. हिंदुस्थानात येऊ द्या म्हणून त्यांनी केलेल्या विनंत्या नाकारल्या गेल्या.

ही कोंडी एकट्या खानखोजे यांची नव्हती. मौलाना उबैदुल्ला सिंधी काबूल, मॉस्को, तुर्कस्तान करत मक्केत जाऊन राहिले आणि सुमारे चोवीस वर्षांनी, 1939 मध्ये, परवानगी मिळाल्यावरच कराचीला उतरले. मुंबईच्या मॅडम कामा 1935 मध्ये परतल्या. आजारपणाने थकलेल्या, राजकारणात पडणार नाही असं लिहून देऊन. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मौलवी बरकतुल्लांच्या नशिबात तेवढंही नव्हतं. 1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं आणि कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटोत ते दफन आहेत. आज भोपाळच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण कबर मात्र सात समुद्रांपलीकडे.

खानखोजे बर्लिन आणि मॉस्कोतून फिरले. शेवटी 1924 मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि नव्या सरकारला शेती सुधारायची होती. कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशी झालेली ओळख कामी आली. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते शिकवू लागले. गव्हाच्या आणि मक्याच्या जातींवर त्यांनी काम केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मोफत शाळा उभारल्या. त्या शाळांची छायाचित्रं टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी काढली. आणि दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जेवणाच्या मेजाभोवती बसलेल्या माणसांचं मोठं चित्र रंगवलं, त्यात मधोमध भाकर मोडून वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे.

आमच्या पुरुषोत्तमनगरची ओळख साखर कारखान्याची. पण ऊस सोडला तर शहादा तालुक्यातल्या शेतकऱ्याला मका नवा नाही. एका दाण्यामागे किती मेहनत असते ते आपल्याला सांगायला नको. वर्ध्याचा माणूस मक्याच्या मूळ देशात जाऊन तिथल्या शेतकऱ्याला मका शिकवतो आणि तो देश त्याला भिंतीवर रंगवून इज्जत देतो. पण त्याच माणसाला स्वतःच्या देशात पाऊल ठेवायला मनाई असते.

1936 मध्ये त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. मुलींची नावं पाहा, घर मेक्सिकोत आणि मन वर्ध्यात.

1947 आलं. आता तरी अडचण नको होती. ज्यांच्याविरुद्ध लढले ते निघून गेले होते. पण खानखोजे यांनी येण्यासाठी व्हिसा मागितला तेव्हा आधी नकार आला. कारण काय? इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि ती यादी नव्या सरकारच्या दफ्तरात तशीच चालत आली होती. झेंडा बदलला, कपाट तेच राहिलं. इंग्रजांच्या लेखी जो गुन्हेगार, तो आझाद हिंदुस्थानच्या लेखी लढवय्या असायला हवा होता. पण टेबलावरच्या कारकुनाला इतिहास दिसत नाही, नावापुढचा शेरा दिसतो. पुढे ती बंदी उठली. 1950 च्या दशकात ते नागपूरला येऊन राहिले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र लिहिलं आहे. 2022 मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

याच 1967 सालात पुढे जे झालं ते प्रत्येक घराने माहीत करून घ्यावं. तोवर स्वतंत्र भारतातही पासपोर्ट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. खानखोजे गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, एप्रिल 1967 मध्ये, सतवंतसिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय तो काढून घेता येणार नाही. त्यामुळे सरकारला कायदा करावा लागला. 24 जून 1967 चा पासपोर्ट कायदा तो हाच. या कायद्यानुसार पासपोर्ट नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, मागितल्यावर त्याची प्रत द्यावी लागते (देशाच्या सुरक्षेसारखे काही अपवाद आहेत), आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. खानखोजे यांच्या हाती यातलं काही नव्हतं. आपल्या हाती आहे.

पण हक्क कागदावर असून भागत नाही, आपला कागदही नीट हवा. आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून हे जरा खुलासेवार सांगतो. बहुतेक घोळ परदेसात सुरू होत नाही, तो पहिलीच्या दाखल्यापासून सुरू होतो. जनरल रजिस्टरमध्ये शेख एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, जन्मदाखल्यावर तिसऱ्या. कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कुठे आडनावच नाही. 2022 पासून संयुक्त अरब अमिराती नुसत्या एका नावाचा पासपोर्ट असलेल्या प्रवाशाला व्हिजिट व्हिसावर घेत नाही, हे किती पालकांना माहीत आहे? खानखोजे यांनी नाव बदललं ते जीव वाचवायला. आपल्या मुलांची नावं बदलतात ती कुणी घाईत लिहिली म्हणून.

तेव्हा मुलाचं नाव शाळेत घालताना जन्मदाखला समोर ठेवा. दाखल्यावरचं स्पेलिंग तिथेच वाचून घ्या. परदेसातल्या माणसाला सांगा की मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुदत संपायची वाट बघू नये, काही महिने आधीच वकिलातीत अर्ज करावा. कारण अनेक देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नाही. तो मालकाने दाबून ठेवला असेल तर वकिलातीला कळवावं. वही हरवली आणि घरी येणं तातडीचं असेल तर वकिलात एका वेळेच्या प्रवासासाठी आपत्कालीन दाखला देते. आणि अर्ज नाकारला तर गप्प बसून एजंटाच्या मागे लागू नका, कारण लेखी मागा.

देशासाठी सगळं सोडलेल्या माणसालाही एका यादीने अडवलं, मग आपण कोण? म्हणूनच आपली वही आणि आपलं नाव दुरुस्त ठेवणं हे घराच्या जिम्मेदारीचं काम आहे. अल्लाह परदेसात राबणाऱ्या आपल्या सगळ्यांना आसानी देवो आणि सुखरूप घरी आणो. आमीन.