गांधीजींचे अवघड जागेचे दुखणे

मोहनदास करमचंद गांधी (१८६९–१९४८) यांना तरुणपणीच बद्धकोष्ठाने गाठले होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी कटिस्नान केले, पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांना जोराची आव झाली. औषध आणि इंजेक्शन दोन्ही त्यांनी नाकारले. अंगात त्राण उरले नाही. हवापालटासाठी माथेरान गाठले, पण आवेमुळे गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या. शौचाच्या कळांच्या धास्तीने त्यांना जेवणही नकोसे झाले. आठवडा व्हायच्या आतच ते मुंबईला परतले. तिथे जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली. दुधावाचून शरीर भरणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, मग शेळीचे दूध का नको, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते मानले, पण व्रताचा गाभा मोडल्याची बोच त्यांना कायम राहिली. त्याच आजारपणात रौलट समितीच्या शिफारशी त्यांच्या वाचनात आल्या आणि ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला.

त्यांचे दुखणे मूळव्याध नव्हते, फिशर होते. आपल्याकडे दोन्हींना सर्रास मूळव्याधच म्हणतात. फिशरमध्ये शौचाच्या वेळी कापल्यासारखी आग होते. मूळव्याधीत फुगलेल्या शिरांतून बहुधा न दुखता लाल रक्त पडते, कधी कोंब बाहेर येतो. दुखते म्हणून शौच टाळले की मळ कडक होतो आणि त्रास वाढतो.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात ताटात पांढऱ्या भाताचा ढीग असतो. त्याच्या जोडीला पालेभाजी, सालीसकट डाळी, फळे आणि भरपूर पाणी हवे. शौचाला कुंथू नये, कोमट पाण्यात बसून शेकावे. नवे फिशर बहुधा काही आठवड्यांत एवढ्यानेच भरते. मूळव्याध वाढलेली असेल तर रबर बँड लावतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात.

मात्र प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो, मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. रक्त पडत राहिले, वजन घटले, अशक्तपणा आला किंवा शौचाची सवय बदलली, तर लाज सोडून सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. गावातल्या जडीबुटीवाल्याकडून क्षार किंवा सुई लावून घेऊ नये.