मधमाश्यांचे नृत्य उलगडणारा प्राणिशास्त्रज्ञ

म्युनिक विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक कार्ल फॉन फ्रिश यांना जानेवारी १९४१ मध्ये नाझी सरकारचे एक पत्र आले. त्यांच्या आईची आई ज्यू वंशाची होती. त्या काळच्या वंशविषयक कायद्यांनुसार ते दुसऱ्या श्रेणीचे मिश्रवंशीय ठरले आणि त्यांना सक्तीने निवृत्त करण्याचे ठरले. तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. ज्या शोधामुळे त्यांचे नाव आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, तो त्या दिवशी अजून लागायचा होता.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील नामवंत शल्यचिकित्सक, तर मामा सिग्मुंड एक्सनर हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. वोल्फगांग सरोवराच्या काठी ब्रुनविंकल येथे एक जुनी पाणचक्की या कुटुंबाने उन्हाळ्यातील निवासासाठी घेतली होती. फ्रिश यांची खरी शाळा तीच. लहानपणी पोपटापासून माशांपर्यंत शंभराहून अधिक प्रकारचे प्राणी त्यांनी पाळले. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला खरा. पण ते लवकरच प्राणिशास्त्राकडे वळले.

प्रारंभीचे त्यांचे संशोधन मिनो या गोड्या पाण्यातील चिमुकल्या माशावर होते. हा मासा तळाच्या रंगानुसार आपला रंग बदलतो. हे काम सुरू असतानाच त्यांचा एका बड्या शास्त्रज्ञाशी संघर्ष उडाला. मासे आणि कीटक यांना रंग दिसतच नाहीत, असे म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत. पंचविशीतील फ्रिश यांना ते पटेना. फुलांना रंग आहेत ते मग कोणासाठी, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

त्यांनी केलेला प्रयोग एखाद्या शाळकरी मुलालाही समजावा असा आहे. टेबलावर करड्या रंगाच्या फिकट-गडद छटांचे चौकोनी कागद मांडायचे आणि त्यांत एकच निळा ठेवायचा. साखरपाण्याची काचेची बशी फक्त निळ्या कागदावर. मधमाश्या सरावल्या, की सगळे कागद बदलून रिकाम्या बश्या ठेवायच्या. मधमाश्यांना रंग कळत नसते, तर निळ्याइतक्याच उजळ असलेल्या एखाद्या करड्या कागदाशी त्यांची गल्लत झाली असती. तशी ती झाली नाही; त्या निळ्यावरच उतरल्या. लाल कागदाच्या बाबतीत मात्र त्या फसल्या, कारण लाल त्यांना दिसत नाही. १९१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

माशांना ऐकू येत नाही, हा असाच दुसरा रूढ समज. फ्रिश यांनी एक कॅटफिश घेतला, त्याची दृष्टी काढून टाकली आणि दरवेळी शीळ घालून त्याला खाणे दिले. काही दिवसांतच नुसती शीळ ऐकून मासा आपल्या नळीतून बाहेर येऊ लागला. आजच्या निकषांवर हा प्रयोग सहज मान्य झाला नसता, हेही नोंदवायला हवे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी दाखवले, की मिनोच्या त्वचेला जखम झाली, तर तीतून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यामुळे सारा थवा भयभीत होऊन पळतो.

मात्र त्यांच्या आयुष्याचा कणा होत्या त्या मधमाश्याच. १९१९ च्या वसंत ऋतूत त्यांनी काही मधमाश्यांवर रंगाचे ठिपके दिले. साखरपाणी पिऊन परतलेली माशी पोळ्यावर गोलगोल नाचते आणि भोवतीच्या माश्या उत्तेजित होऊन बाहेर पडतात, हे त्यांना दिसले. पोट हलवत केलेले आणखी एक नृत्यही आढळले. पहिले मकरंदासाठी आणि दुसरे परागासाठी, असा अर्थ त्यांनी लावला. तो चुकीचा होता आणि जवळजवळ वीस वर्षे तसाच राहिला.

आता पुन्हा १९४१ कडे वळू. त्या सुमारास नोसेमा नावाच्या रोगाने जर्मनीतील मधमाश्यांच्या लाखो वसाहती नष्ट होत होत्या. परागीभवन थांबले, तर फळे व तेलबियांचे उत्पादन घटणार आणि युद्धकाळात अन्नटंचाई वाढणार. सहकाऱ्यांनी हा मुद्दा लावून धरला आणि फ्रिश यांची निवृत्ती युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलण्यात आली. मधमाश्यांनी त्यांना वाचवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. १९३६ च्या एका लोकप्रिय पुस्तकात त्यांनी स्वतःच वंशसुधारणेच्या विचारांना जागा दिली होती. ज्यू सहायकांना आश्रय देणारा आणि तरीही अशी पाने लिहिणारा, असा हा माणूस होता.

मधमाश्यांना विशिष्ट पिकांकडे गंधाच्या साहाय्याने वळवता येईल का, हाही सरकारने सोपवलेला प्रश्न होता. त्यासाठी १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रुनविंकल येथे खाद्याची ठिकाणे दूरवर ठेवली गेली. म्युनिकची त्यांची संस्था तोवर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली होती. या प्रयोगांत जुनी चूक उघडी पडली. मकरंद की पराग, याच्याशी नृत्याचा संबंधच नव्हता. संबंध होता अंतराशी. पूर्वी साखरपाणी पेटीजवळच ठेवले जाई, तर पराग आणणाऱ्या माश्या दूरच्या फुलांवरून येत. म्हणून तो भास झाला होता. फ्रिश यांनी आपले जुने मत जाहीरपणे मागे घेतले.

पुढचे वर्ष दिशेचे. अंधाऱ्या पेटीतील उभ्या पोळ्यावर माशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरते आणि मधल्या सरळ रेषेत पोट हलवते. ही रेषा थेट वर असेल, तर खाद्य सूर्याच्या दिशेला. ती उभ्या रेषेपासून जितकी उजवीकडे वा डावीकडे कलेल, तितकेच खाद्य सूर्यापासून बाजूला. अंतर वाढते तसा नाचाचा वेग मंदावतो: १०० मीटरवर १५ सेकंदांत नऊ-दहा फेऱ्या, एक किलोमीटरवर चार-पाच. आकाश ढगाळ असेल, तर निळ्या आकाशाचा छोटा तुकडाही पुरतो, कारण त्यातील प्रकाशाचे ध्रुवीकरण मधमाशी ओळखते.

त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी पुढे श्रीलंकेत जाऊन आपल्याकडे आग्या, सातेरी आणि फुलोरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मधमाश्यांचे नृत्य तपासले. उघड्यावर पोळे करणारी फुलोरी पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते आणि खाद्याकडे थेट दिशा दाखवते, असे त्यांना आढळले.

फ्रिश १९५८ मध्ये निवृत्त झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एड्रियन वेनर यांनी आक्षेप घेतला, की माश्या नृत्य वाचतच नाहीत, केवळ गंधाने खाद्य शोधतात. वाद पेटलेला असतानाच १९७३ मध्ये कोनराड लॉरेन्झ व निको टिनबर्गन यांच्यासह फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १२ जून १९८२ रोजी म्युनिक येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर २३ वर्षांनी, २००५ मध्ये, इंग्लंडमधील संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर सूक्ष्म उपकरणे बसवून रडारने त्यांचा माग काढला. नृत्य पाहून निघालेल्या माश्या खाद्याच्या दिशेने सरळ उडाल्या. त्यांपैकी काहींना पेटीतून बाहेर पडताच पकडून दुसऱ्या जागी नेऊन सोडले होते. त्याही नृत्याने सांगितलेल्या दिशेने आणि जवळपास तितकेच अंतर उडाल्या, आणि जिथे काहीच नव्हते अशा ठिकाणी जाऊन खाद्य शोधत घिरट्या घालू लागल्या.